गरम झाली की बंद, गार झाली की चालू

१९८७ च्या मे महिन्यात आमची फियाट कोल्हापूर-पुणे रस्त्यावर सात वेळा बंद पडली. हा सातचा आकडा मी आठवणीतून सांगत नाही, आप्पांच्या वहीत तो लिहिलेला आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी वही. ती गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असायची. पेट्रोल किती लिटर टाकलं, किलोमीटरचा आकडा काय होता, ऑइल कधी बदललं, टायर कधी फिरवले, हे सगळं आप्पा त्यांच्या वकिली अक्षरात तिच्यात टिपून ठेवत. त्या महिन्यात आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याच्या तीन फेऱ्या झाल्या. मी नुकताच दहावीच्या परीक्षेतून मोकळा झालो होतो, त्यामुळे तिन्ही फेऱ्यांना बरोबर होतो. माझं काम ठरलेलं होतं. आप्पा बॉनेट उघडून वाकले की मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसायचं आणि ते "मार" म्हणाले की सेल्फ मारायचा.

गाडीच्या पाठीवर ‘प्रीमियर पद्मिनी’ असं नाव होतं, पण घरात, दारात आणि गॅरेजात तिला फियाटच म्हणत. मूळ गाडी इटलीची. इथे ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. आधी गोल पाठीची, जिला सगळा महाराष्ट्र प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचा ती. मग १९६४ पासून ११०० डिलाइट. आणि १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर आणि पुढे बाकासारखी सलग सीट, जिच्यावर आप्पा, आजी आणि मी असे तिघं आरामात बसायचो. आमची गाडी १९७९ ची. आप्पांनी ती १९८४ मध्ये दुसऱ्या हाताची घेतली होती.

तिचं दुखणं असं. सकाळी गार हवेत निघालं की ती सुरेख पळायची. दीडेक तास कसलीही तक्रार नाही. पेठ नाका मागे पडून कराड जवळ आलं की एक गचका, मग दुसरा गचका, मागे सायलेन्सरमध्ये फट्‌कन एक बार, आणि गप्प. कशीबशी रस्त्याच्या कडेला घ्यायची. सेल्फ भरभरून फिरतोय पण इंजिन पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटं गेली की काही झालंच नव्हतं अशा थाटात पहिल्या सेल्फला सुरू. कोल्हापुरात परत येऊन गॅरेजात उभी केली, तासभर चालू ठेवली, तरी एक ठोका चुकायचा नाही. डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तसं.

कायम असणारा दोष कुणालाही सापडतो. अधूनमधून येणारा दोष मात्र माणसाचा जीव खातो, कारण तो असतो तेव्हा मिस्त्री नसतो आणि मिस्त्री असतो तेव्हा तो नसतो. शिवाय तो येतो तेव्हा पाहणाऱ्या प्रत्येकाकडे एक उत्तर असतं. त्या काळी रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीपाशी थांबायची पद्धत होती. ट्रकवाले थांबत, स्कूटरवाले थांबत, एकदा तर एसटीच्या ड्रायव्हरने प्रवाशांसकट गाडी थांबवून आत डोकावलं होतं. बहुतेकांचं निदान एकच: "पंप गरम झालाय, ओलं फडकं टाका." फियाटचा पेट्रोलचा पंप इंजिनच्याच अंगाला बसवलेला. त्याला मिस्त्री ‘एसी पंप’ म्हणत, पण गारव्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मे महिन्याच्या दुपारी इंजिनची धग त्याला लागते, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाचा रबरी पडदा वाफेला पुढे ढकलू शकत नाही. कार्ब्युरेटर कोरडा पडतो. पंपावर ओलं फडकं टाकलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. खंबाटकी घाट चढणाऱ्या प्रत्येक फियाटमध्ये म्हणूनच एक पाण्याचा कॅन आणि एक जुनं धोतर असायचंच.

आम्हीही फडकं टाकायचो, आणि गाडी सुरू व्हायची. दोष कळला असं वाटायचं.

दुसरा संशयित पेट्रोलच्या टाकीचं झाकण. त्याचं हवेचं बारीक छिद्र बुजलं तर टाकीत पोकळी होते, पेट्रोल खेचलं जात नाही आणि गाडी तास-दीड तासाने बंद पडते. तिसरी कॉइल. ती तापली की आतली तार दगा देते. चौथे पॉइंट. आप्पांनी नवे पॉइंट टाकले, प्लग बदलले, झाकणाचं छिद्र सुईने साफ केलं. कराड आलं की पुन्हा तेच.

दुसऱ्या फेरीत परत येताना ती भर दुपारी बंद पडली. आजीच्या डोळ्याला पट्टी. आम्ही तिला हात धरून उतरवलं आणि लिंबाच्या झाडाखाली सतरंजी घालून बसवलं. ती एक शब्द बोलली नाही, पण आप्पांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवशी कॅनमध्ये पाणीही नव्हतं. येताना रेडिएटरमध्ये ओतून संपलं होतं. आप्पांनी वहीत लिहिलं: "कराडच्या अलीकडे ४ कि.मी. दुपारी १.१०. पाणी नाही, फडके टाकले नाही. २५ मिनिटांनी आपोआप सुरू." आप्पांनी ती ओळ हताश होऊन लिहिली होती. पुढे तीच कामाला आली.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री होते. त्यांच्याकडे गाडी न्यायची म्हणजे निम्मा दिवस काढून जायचं, कारण ते आधी बॉनेट उघडायचेच नाहीत. आप्पांना त्यांनी स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि विचारायला सुरुवात केली. "वकीलसायेब, मरताना आचके देती का एकदम गप हुती?" आचके देते. "बार हुतोय सायलेन्सरात?" होतो, एक-दोन. "चढाला का सपाटीला?" दोन्हीकडे. "रात्री कधी बंद पडलीय?" नाही. "सेल्फ जोरात फिरतोय न्हवं?" जोरात. प्रश्न संपले तेव्हा आप्पांनी वही पुढे केली. मिस्त्रींना फारसं वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला सगळ्या नोंदी मोठ्याने वाचायला लावल्या. पाणी नसलेल्या दिवसाची नोंद आली तसे ते म्हणाले, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला चाळीस वर्षं होत आली तरी लख्ख आठवतं. फडकं न टाकताही गाडी तेवढ्याच वेळात सुरू झाली, म्हणजे आजवर काम फडक्याने केलंच नव्हतं, वेळेने केलं होतं. पेट्रोल संपत आलं की गाडी ओढ खाते, दम टाकते, पण सायलेन्सरात बार काढत नाही. बार निघतो तो आत आलेलं पेट्रोल न जळता मागे जाऊन तिथे पेटलं की. म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंट चुकतोय. बॉनेटला हातही न लावता निम्मे संशयित त्यांनी काढून टाकले होते.

उरलेल्या निम्म्यासाठी ते गाडीत येऊन बसले. रेडिएटरपुढे त्यांनी अर्ध्यात पोत्याचा तुकडा अडकवला, म्हणजे इंजिन लवकर तापेल. भर दुपारी आम्ही पुण्याच्या दिशेने निघालो. मिस्त्री पुढच्या सीटवर काचेतून हात बाहेर टाकून बसले होते आणि आप्पांशी बोलतही नव्हते, नुसते ऐकत होते. किणी ओलांडल्यावर पहिला गचका बसला. "चालू द्या," ते म्हणाले. दुसरा गचका, बार, आणि गाडी थांबली. पुरती थांबायच्या आत ते दार उघडून उतरले होते.

पुढचं मी सेल्फवर बसून, उघड्या बॉनेटच्या खालच्या फटीतून आणि एकदा धावत जाऊन पाहिलं. कॉइलमधून डेल्कोकडे, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडे, जाणारी मधली जाड वायर त्यांनी उपटली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून करंगळीच्या निम्म्या जाडीएवढं लांब धरलं. "मार." मी सेल्फ मारला. ठिणगी पडली, पण पिवळी, दोऱ्यासारखी बारीक, मध्येच गळणारी. चांगली ठिणगी निळी असते आणि तिचा टक्‌टक् आवाज येतो. मग त्यांनी डेल्कोचं झाकण काढलं आणि मला हाक मारली, आप्पांना सेल्फवर बसवलं. पॉइंट उघडले की त्या दोन छोट्या टिकल्यांच्या मध्ये निळसर पांढरा जाळ होत होता, वेल्डिंगसारखा. तिथे एवढा जाळ व्हायलाच नको. मिस्त्रींनी शर्टाच्या खिशातून अंगठ्याएवढी पत्र्याची एक नळी काढली. तिचं बूड कॉइलच्या पट्टीखाली स्क्रूने आवळलं, तिची वायर कॉइलला जोडली, जुनी सोडवली. "मार." इंजिन तापलेलंच होतं, एक मिनिटही वाट पाहिली नव्हती, आणि फियाट पहिल्या सेल्फला उठली.

तो कंडेन्सर. आज पन्नाशीच्या आतल्या पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल, म्हणून सांगतो. पॉइंट बंद असतात तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो. ते उघडतात त्या क्षणी तो झटक्यात तुटला तरच कॉइल हजारो व्होल्टची ठिणगी फेकते. पण तुटणारा करंट सहज तुटत नाही, पॉइंटांमधल्या फटीतून उडी मारून जाऊ पाहतो. त्या उडी मारणाऱ्या करंटला कंडेन्सर आपल्या पोटात घेतो. त्या पत्र्याच्या नळीत धातूचा पातळ पापुद्रा आणि कागद यांची घट्ट गुंडाळी असते, एवढंच. आमच्या गाडीत आधीच्या मालकाने टाकलेला बिननावाचा, बाजारातला स्वस्त कंडेन्सर होता. तापला की आतला सांधा फुगून सुटायचा, गार झाला की पुन्हा चिकटायचा. पंचवीस मिनिटं त्याला चिकटायला लागायची, पंपाला नव्हे. यात गाडीचा काही दोष नव्हता.

आप्पांनी त्याच संध्याकाळी वहीत नोंद केली आणि तो जुना कंडेन्सर कागदात गुंडाळून घरी आणला.

त्या दिवसांबद्दल लिहिताना सगळंच सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. सकाळी चोक ओढून इंजिन तापेपर्यंत पाच मिनिटं जायची. कपड्यांना पेट्रोलचा वास. दर काही हजार किलोमीटरला पॉइंट घासा, फट जुळवा, टायमिंग लावा. पेट्रोलमध्ये शिसं असायचं, आणि ते आपण सगळे श्वासातून घेत होतो. देशभर ते बंद झालं फेब्रुवारी २००० पासून. त्याच सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, आणि गाडी सुरू करणं ही फक्त किल्ली फिरवण्याची गोष्ट झाली. आजीला मे महिन्यात लिंबाखाली बसावं लागलं ते आठवलं की मला या बदलाचं मनापासून बरं वाटतं. खंबाटकीत वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आता दिसत नाही, आणि ती दिसावी असंही मला वाटत नाही.

फियाट आम्ही १९९८ मध्ये विकली. आप्पा २००९ मध्ये गेले. मिस्त्रीही आता नाहीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेल्या. त्यांच्याबरोबर पॉइंटच्या फटीत पातळ पत्ती सरकवून डोळे मिटून अंदाज घेणारे हातही गेले.

माझी आताची गाडी २०११ ची आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दीड लाख किलोमीटर तिने विनाकुरबूर काढले. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी आणि माझी पत्नी कोल्हापूरहून पुण्याला परतत होतो. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडचा उतार लागला आणि इंजिन बंद पडलं. तो उतार पुण्यातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. मागे कंटेनर. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदाच नीट लागतो, मग दगडासारखा घट्ट होतो, हे मला आठवत होतं, म्हणून एकदाच दाबून धरला आणि कडेला घेतली. सेल्फ मारला. फिरतोय, पकडत नाही. वीस मिनिटांनी पहिल्या सेल्फला सुरू.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं.

पुढच्या दोन महिन्यांत ती पाच वेळा बंद पडली. एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. काउंटरवरच्या मुलाने अदबीने टॅबवर तक्रार टिपली: ‘इंजिन बंद पडते’. मी आणखी सांगायला गेलो, तापल्यावरच पडते, गार झाल्यावर सुरू होते, तर त्याच्या टॅबवर तेवढं लिहायला जागाच नव्हती. गाडी आत गेली. काचेपलीकडे ती कुणी उघडली ते मला दिसलं नाही, ज्याने उघडली त्याला मी दिसलो नाही. स्कॅनर लावला. "सर, एरर कोड काहीच दाखवत नाही." मग प्लग बदलले. आठवड्याने पुन्हा बंद पडली, तेव्हा टाकीतला पंप बदलला. थ्रॉटल साफ केला. एकूण बिल तेरा हजार चारशे. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी गाडी स्वारगेटच्या चौकात बंद पडली.

त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्या प्रत्येक कामाला मिनिटं बांधून दिलेली असतात, आणि बंद न पडणाऱ्या गाडीत तासभर बसून राहण्याची मिनिटं त्यात कुणी धरलेली नाहीत. पण मला राग आला तो याचा, की दोष सापडेपर्यंत ऐकून घेण्याचं काम कुणाचंच नव्हतं. यंत्राने ‘काही नाही’ म्हटलं की काही नाही, आणि मग एकेक भाग बदलत जायचं. हे निदान नव्हे, अंधारात दगड मारणं आहे, आणि प्रत्येक दगडाचे पैसे गिऱ्हाईक देतं.

धायरीत एका गल्लीत आयटीआय झालेला एक तरुण मुलगा छोटं गॅरेज चालवतो. शेजाऱ्यांनी नाव सुचवलं. मी गेलो तेव्हा त्याने बॉनेट उघडलं नाही. प्लास्टिकची खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "काका, बंद पडताना झटके देते की एकदम जाते?" क्षणभर मला शिवाजी उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसल्यासारखं झालं. मी सांगितलं, एकदम जाते, झटके नाहीत. किती वेळ चालवल्यावर, किती वेळाने सुरू होते, एसी चालू असताना जास्त का, पाऊस पडला तेव्हा काय. मग त्याने एक प्रश्न विचारला जो मिस्त्रींनी कधी विचारला नसता, कारण फियाटला तो काटाच नव्हता. "चालत्या गाडीत बंद पडली तेव्हा आरपीएमचा काटा हळूहळू उतरला की एकदम शून्यावर पडला?"

मला आठवेना. माझी पत्नी म्हणाली, "एकदम पडला. गाडी उतारावर पळतच होती, पण काटा शून्यावर. मला तेव्हाच ते विचित्र वाटलं होतं."

मुलगा हसला. गिअर टाकलेली गाडी पळत असेल तर चाकं इंजिनला फिरवतच असतात, पेट्रोल असो वा नसो. म्हणजे इंजिन फिरत होतं आणि तरी काटा शून्यावर होता. खोटं इंजिन बोलत नव्हतं, काट्याला बातमी देणारा बोलत होता. तो बातमी देणारा म्हणजे क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यासमोर बसून तो दात मोजत असतो. आमच्या गाडीत साठ दातांपैकी दोन मुद्दाम गाळलेले आहेत, म्हणजे फेरा कुठून सुरू झाला ते कळावं. या मोजणीवरून गाडीचा संगणक कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची आणि कधी पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. मोजणी यायची थांबली की त्याला वाटतं इंजिन थांबलं, आणि थांबलेल्या इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी द्यायची नसते. तो दोन्ही बंद करतो. त्याच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं, म्हणून तो कोडही लिहीत नाही. स्कॅनर खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न चुकला होता.

अंदाजावर भाग बदलायला मुलगा तयार नव्हता. स्टिअरिंगखाली सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये त्याने आगपेटीएवढं एक यंत्र खोचलं, ते फोनला जोडलं आणि गाडीत येऊन बसला. आम्ही तासभर सिंहगड रोड, वारजे, परत कात्रज असं फिरलो. बंद पडली तेव्हा फोनवर दोन रेषा होत्या. गाडीच्या वेगाची रेषा ताशी ५४ किलोमीटरवर सरळ चाललेली, आणि आरपीएमची रेषा कड्यावरून पडावी तशी शून्यावर. त्याने पाण्याची बाटली उघडली, गाडीखाली सरकून सेन्सरवर गार पाणी ओतलं. सेल्फ मारला. लगेच सुरू. वीस मिनिटं लागली नाहीत.

गॅरेजात परतल्यावर त्याने दहाच्या पान्याने एकच बोल्ट काढला आणि सेन्सर माझ्या तळहातावर ठेवला. काळा, प्लास्टिकचा, अंगठ्याएवढा. मग तो मीटरला जोडून टेबलावर ठेवला. मीटरवर ८५८ ओहम. हेअर ड्रायर लावून तो सेन्सर तापवू लागला. आठशे नव्वद, नऊशे वीस, नऊशे साठ. मग आकडा एकदम नाचला आणि नाहीसा झाला. मीटर तार तुटल्याची खूण दाखवत राहिलं. ड्रायर बंद केला, फुंकर घातली, दोन-तीन मिनिटं थांबलो. आकडा परत आला. केसाहून बारीक तारेच्या गुंडाळीत कुठेतरी तडा होता, आणि तो तापल्यावर उघडत होता, गार झाल्यावर मिटत होता. चौदा वर्षं उष्णतेत बसलेल्या भागाचं हे वय झालेलं होतं, बाकी काही नाही. नवा सेन्सर अकराशे रुपये, मजुरी तो घेईना, मी बळेच दिली.

माझ्या पिढीतली माणसं नव्या गाड्यांकडे बोट दाखवून म्हणतात, आता सगळं कॉम्प्युटरचं झालंय, मेकॅनिकचं काही उरलं नाही. मला हे पटत नाही, आणि धायरीच्या त्या गॅरेजनंतर तर मुळीच नाही. मिस्त्रींना पॉइंटांमधला जाळ डोळ्यांनी दिसला. या मुलाला तोच जाळ दोन रेषांमध्ये दिसला, आणि खरं सांगायचं तर त्याचा पुरावा अधिक पक्का होता. फरक पडला तो दुसरीकडे. तेव्हा गाडी चालवणाऱ्या माणसाला गाडीचं अर्धं शिक्षण असायचंच, रस्ता ते सक्तीने द्यायचा. आता गाडी दहा वर्षं बॉनेट न उघडता चालते, त्यामुळे ती अकराव्या वर्षी बोलायला लागली की आपल्याला तिची भाषाच येत नाही. काटा एकदम पडला हे मी पाहिलं नव्हतं. फियाटच्या काळात अशी गोष्ट आप्पांच्या नजरेतून सुटली नसती.

आणि तेव्हा सांगणारा आणि दुरुस्त करणारा समोरासमोर बसायचे. आताच्या मोठ्या वर्कशॉपांनी ही एक गोष्ट परत आणली तरी कितीतरी पैसे, कितीतरी धोके वाचतील. अधूनमधून येणारी तक्रार असेल तर ज्याने बॉनेट उघडायचं त्यानेच गिऱ्हाइकाशी दहा मिनिटं बोलावं आणि शेजारी बसून एक चक्कर मारावी. एवढंच मागणं आहे. तुमचीही गाडी जुनी असेल आणि असं काही करत असेल तर तारीख, जागा, किती वेळ चालवली होती, काटे कुठे होते आणि किती वेळाने सुरू झाली, हे त्याच क्षणी लिहून ठेवा. घरी आल्यावर नको, तिथेच. आणि सुरू व्हायला मदत होईल म्हणून जे काही केलं ते लिहाच, पण जे केलं नाही तेही लिहा.

आप्पांची वही माझ्याकडे आहे. तिची शेवटची तीसेक पानं कोरी होती. सेन्सर बदलला त्या दिवशी मी त्यांतलं पहिलं पान उघडून तारीख टाकली. तेव्हापासून गाडी कोल्हापूरला सहा वेळा जाऊन आली, त्यात दोन वेळा मे महिन्याच्या दुपारी, आणि एकदाही बंद पडली नाही. यंदा तिला पंधरा वर्षं होतात. पाच हजार रुपये शुल्क भरून आणखी पाच वर्षांसाठी तिची नोंदणी मी वाढवून घेणार आहे.